रात्री साडेनऊचा प्रयोग आणि शेवटची मेट्रो

"दुपारचा असेल तर सांग गं. रात्रीचा नको."

पेपरातल्या नाटकाच्या जाहिराती मी फोनवर वाचून दाखवते तेव्हा मावशीचं हे उत्तर ठरलेलं असतं. वय अठ्ठ्याहत्तर. कान तल्लख, मोतीबिंदू काढून झालेला, गुडघे कुरकुरतात पण चालतात. झोपायला तिला तसाही एक वाजतो, त्यामुळे जागरणाचं तिला काही वाटत नाही. पण नाटक संपल्यावर घरी कसं यायचं, याचं नीट उत्तर आमच्या घरात कुणाकडेच नाही.

हीच मावशी शनिवार पेठेत राहायची तेव्हा महिन्यातून दोन-तीन तरी रात्रीचे प्रयोग बघायची. ओंकारेश्वराजवळच्या बोळात त्यांचा वाडा. जेवणं उरकून, ओटा पुसून, साडी बदलून ती नऊ वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडायची, पूल ओलांडून पलीकडे बालगंधर्व रंगमंदिराला पोचायची आणि तिसऱ्या घंटेला आपल्या खुर्चीत असायची. सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेले की मलाही न्यायची. नाटकातलं मला फारसं आठवत नाही, परतीचा रस्ता मात्र लख्ख आठवतो. बारा वाजून गेलेले, नदीवरचा गार वारा, आणि निम्मं प्रेक्षागृह आमच्या पुढेमागे त्याच पुलावरून चाललेलं. कुणी पद गुणगुणतंय, कुणी दुसरा अंक कसा ढिला पडला ते तावातावाने सांगतंय, एखाद्या बाबांच्या खांद्यावर झोपलेलं पोर. रात्री बाईमाणसाला सोबत हवी म्हणतात, ती सोबत तिकिटाच्या पैशांतच मिळायची.

मावशी आता कोथरूडला, मेट्रोच्या आनंदनगर स्थानकापासून चालत सात-आठ मिनिटांवर राहते. मी सिंहगड रस्त्याला. वाड्याच्या जागी इमारत झाली, तिथे तिच्या दिरांचा मुलगा असतो. रंगमंदिर होतं तिथेच आहे. लांब गेलो ते आम्ही.

*

बालगंधर्व रंगमंदिराच्या जागी नवं, मोठं संकुल बांधायची भाषा सुरू झाली ती 2018 मध्ये, नेमकी रंगमंदिराच्या पन्नाशीच्या वर्षात. पुढे 2022 मध्ये आराखड्याची सादरीकरणं झाली. एक मोठं नाट्यगृह, दोन लहान, कलादालन, बाकीचं बरंच काही. मग विरोध, मग समर्थन, मग शांतता. हा विषय कधी बैठकीत येतो, कधी कपाटात जातो, पण मिटत नाही.

ते असो. पाडावं की राखावं यावर माझं मत विचाराल तर मी राखण्याच्या बाजूची, पण आज तो वाद मला घालायचा नाही. या सगळ्या चर्चेत मी एक गोष्ट शोधत राहिले. रंगमंचाची खोली, पडद्यामागच्या खोल्या, आवाज शेवटच्या रांगेत पोचतो का, गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं कुठे जाणार, उपाहारगृहातला बटाटावडा राहणार का, सगळ्यावर लोक बोलले. वड्यावर तर जरा जास्तच बोलले. पण माणसं तिथे येणार कशी आणि रात्री परत जाणार कशी, यावर जवळपास प्रत्येकाचा एकच शब्द: पार्किंग. तळघरात पार्किंग, दोन मजली पार्किंग, भरपूर पार्किंग.

मला गाडी चालवता येते आणि बालगंधर्वला गाडी लावायला जागा शोधत मी झाशीच्या राणीच्या पुतळ्यापासून डेक्कनपर्यंत घिरट्याही घातल्या आहेत, त्यामुळे पार्किंगचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको. तरीही एक साधा हिशेब करून बघा. तळघरात दोनशे गाड्या आहेत असं धरा. प्रयोग संपतो तेव्हा सगळ्यांना एकाच वेळी बाहेर पडायचं असतं. वर येणारा उतार एक. रस्त्यावर मिसळायला एका गाडीला दहा सेकंद लागले, म्हणजे कुणी मधेच थांबून "अहो, जोशी कुठे राहिले?" असं विचारलं नाही, तरी शेवटची गाडी बाहेर यायला तेहतीस मिनिटं लागणार. गाडीत सरासरी अडीच माणसं धरली तर एवढ्या खटाटोपात पाचशे माणसं घरी निघाली. आजच्या रंगमंदिरात खुर्च्या आहेत 989, आणि नव्यात तर सभागृहं तीन.

आता दुसरा आकडा. पुणे मेट्रोची गाडी तीन डब्यांची असते आणि त्या एका गाडीत बसून-उभं राहून मिळून साधारण 970 माणसं मावतात. म्हणजे हाऊसफुल्ल बालगंधर्व, पडद्यापासून बाल्कनीच्या शेवटच्या रांगेपर्यंत, जवळजवळ एका गाडीत बसतं. हा योगायोग मला पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा उगीचच आनंद झाला. मी मावशीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बसतं गं, पण गाडी असते का तेव्हा?"

मावशीचं हे असं आहे.

*

गाडी असते का तेव्हा? मेट्रोचा गरवारे कॉलेजपासून रुबी हॉलपर्यंतचा टप्पा 1 ऑगस्ट 2023 ला सुरू झाला आणि पुण्याच्या नाटकवेड्यांच्या दृष्टीने खरं तर मोठी गोष्ट घडली. छत्रपती संभाजी उद्यान हे स्थानक रंगमंदिराच्या मागच्या अंगाला, नदीकाठी आलं. मावळ्याच्या पगडीसारखं छत असलेलं. मावशीच्या आनंदनगरपासून ते पाचवं स्थानक: आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, गरवारे, डेक्कन आणि मग हे. नळ स्टॉपच्या चौकात सिग्नलला जेवढा वेळ जातो तेवढ्यात मेट्रो तो चौक वरून पार करून पुढे गेलेली असते. मग 6 मार्च 2024 ला हीच मार्गिका रामवाडीपर्यंत गेली, 29 सप्टेंबर 2024 ला दुसरी मार्गिका भुयारातून कसबा, मंडई करत स्वारगेटला पोचली. दोन्ही मार्गिका सिव्हिल कोर्टला भेटतात. पिंपरीहून, स्वारगेटहून, वडगाव शेरीच्या बाजूने एखाद्याला बालगंधर्वला यायचं तर आता रूळ आहेत. रंगमंदिर बांधलं तेव्हा असं काही कुणाच्या स्वप्नातही नसेल.

रात्रीचा प्रयोग मात्र साडेनऊला असतो. ही वेळ फार जुनी आहे, माणसं घरी जाऊन जेवून पुन्हा चालत येऊ शकत होती त्या काळातली. प्रयोग सुरू व्हायला दहा मिनिटं इकडेतिकडे, मध्यंतराला वीस, पडदा पडून टाळ्या संपेपर्यंत बारा वाजतात. मेट्रो सुरुवातीला रात्री दहापर्यंत धावायची, 26 जानेवारी 2025 पासून अकरापर्यंत धावू लागली. या एका तासाचं मी मनापासून स्वागत केलं. पण नायकावरचं किटाळ दुसऱ्या अंकाच्या शेवटी दूर होतं आणि शेवटची गाडी दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच निघून गेलेली असते.

रूळ नाट्यगृहाच्या पाठीशी आणि वेळापत्रक नाट्यगृहाकडे पाठ करून. नवं संकुल उभं राहिलं आणि हे असंच राहिलं, तर तीन सभागृहांतून एकाच वेळी सुटलेली गर्दी जंगली महाराज रस्त्यावर येऊन रिक्षाला हात करत उभी राहील. मध्यरात्रीनंतर मीटरच्या सव्वापट भाडं हा नियम आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण "कोथरूड? नाही मावशी, त्या बाजूला नाही," हे ऐकायची सवय कितीही वर्षांनी होत नाही. हे वाक्य म्हणताना रिक्षावाला ब्रेकही पुरता दाबत नाही. गाडी हळू होते, वाक्य पूर्ण होतं, गाडी जाते.

मावशीने रात्रीचं नाटक सोडलं ते अशाच एका रात्री. उपनगरातलं एक नाट्यगृह, नाव नको. प्रयोग उत्तम झाला होता. बाहेर पडल्यावर फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत जेमतेम दोनशे पावलं, पण त्यातल्या शंभरात पदपथच नव्हता आणि उरलेल्या शंभरात होता तो इतका उंच की मावशीला माझा खांदा धरून चढावं लागलं. मग कुणीतरी लावलेल्या दुचाकींची रांग, म्हणून पुन्हा उतरा. दिवा होता, झाडाच्या आत होता. तिसऱ्या चढउताराला तिचा पाय मुरगळला. हाड वगैरे मोडलं नाही, तीन आठवड्यांत बरी झाली. पण घरी आल्यावर बर्फाची पिशवी धरून बसली असताना म्हणाली, "पुढच्या वेळी दुपारचं बघू." मला वाटलं होतं नाटक कसं झालं ते बोलेल. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच आम्ही नाटकावर एक शब्दही न बोलता झोपलो.

पदपथाच्या कडेची उंची फार तर 15 सेंटिमीटर असावी, रुंदी निदान 1.8 मीटर असावी, हे आपल्याकडच्या रस्त्यांच्या मानकांत लिहिलेलं आहे. मी हे नंतर वाचलं. वाचून काही बरं वाटलं नाही. 15 सेंटिमीटर म्हणजे साधी जिन्याची पायरी. त्या रात्रीची पायरी माझ्या गुडघ्याच्या जरा खाली होती.

*

नोकरीची पाच वर्षं मी मुंबईत काढली. तिथे मला कळलं की पुण्यात आपण नाटकाला 'जातो', मुंबईत नाटक 'वाटेत' असतं. साहित्य संघ चर्नी रोडला, शिवाजी मंदिर दादरला, यशवंत माटुंग्याला, दीनानाथ पार्ल्याला. मुंबईच्या नकाशावर मराठी नाट्यगृहं बघितली तर लोकलच्या दोऱ्यात मणी ओवल्यासारखी दिसतात. हे कुणी बसून आखलं असेल असं मला वाटत नाही. माणसं स्टेशनाभोवती राहत होती म्हणून नाटकंही तिथेच वसली असणार. दादरला स्टेशनातून बाहेर पडून, भाजीवाल्या आणि फुलवाल्यांच्या मधून वाट काढत, गर्दीबरोबर वाहत गेलं की शिवाजी मंदिर येतंच. सुंदर रस्ता नाही तो. पण चालायला सोबत आणि उजेड यांची तिथे ददात नाही.

आणि परतीला लोकल मध्यरात्र उलटली तरी असते. शेवटच्या अंकात प्रेक्षागृहात एक विशिष्ट चुळबुळ सुरू व्हायची. माझ्या शेजारी एकदा एक गृहस्थ बसले होते, बदलापूरचे. दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचे. मला आधी राग आला, मग त्यांनीच कुजबुजून सांगितलं, "शेवटची कर्जत." नाटक संपायला सात-आठ मिनिटं असताना ते उठले आणि वाकून, अंधारात, सगळ्यांची माफी मागत निघून गेले. पण नाटकाला आले होते. बदलापूरहून, कामाच्या दिवशी, रात्रीच्या प्रयोगाला. पुण्यात तेवढ्याच अंतरावरून कोण येतं रात्रीचं?

पुण्याची नाट्यगृहं वेगळ्या तऱ्हेने वसली. भरत नाट्य मंदिर सदाशिव पेठेत, टिळक स्मारक टिळक रस्त्यावर, बालगंधर्व नदीपलीकडे पण पुलाच्या तोंडाशी. तिन्ही ठिकाणं पेठेतल्या माणसाच्या पायांच्या हिशेबाने. बालगंधर्वची पायाभरणी 8 ऑक्टोबर 1962 ला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाली, पानशेतचा पूर येऊन गेल्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. उद्घाटन 26 जून 1968, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी. ते बघायला ते स्वतः नव्हते, आदल्या वर्षीच्या जुलैत गेले. तेव्हाचा प्रेक्षक शनिवार-नारायण-सदाशिवात, डेक्कनवर, शिवाजीनगरात राहत होता आणि चालत किंवा सायकलवर यायचा. बाकीच्यांना पीएमटीची बस होती. तोच प्रेक्षक, किंवा त्याची मुलं, आता वारजे, धायरी, वाकड, बाणेर अशी पांगली आहेत. मराठी नाटकाला प्रेक्षक कमी झाला असं लोक म्हणतात. तो जरा लांब राहायला गेला हे त्यातलं किती, हे कुणी मोजलेलं मी ऐकलं नाही.

*

आता जंगली महाराज रस्त्याबद्दल. कारण नवं संकुल कसंही झालं तरी त्याचा उंबरठा हाच.

पुणेकरांना या रस्त्याचा अभिमान आहे आणि तो डांबराचा अभिमान आहे. 1976 मध्ये दहा वर्षांच्या हमीवर बांधलेला हा रस्ता, कित्येक दशकं त्याला खड्डा पडला नाही, ही गोष्ट पुण्यात लहान मुलांना शिवाजी महाराजांच्या गोष्टींच्या खालोखाल सांगितली जाते. त्या रस्त्याच्या कडेने चालायचं कुठे, याची गोष्ट मात्र बरीच उशिरा सुरू झाली. महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण आणि रस्ते कसे आखावेत याची तत्त्वं मान्य केली आणि त्यातून या रस्त्याला रुंद पदपथ, बाकं, मुलांना चढायला-लोंबकळायला काहीबाही असं सगळं आलं. तेव्हा मोटारवाल्यांनी कपाळाला हात लावला होता. मीही थोडा लावला होता. मग एका संध्याकाळी मावशीला घेऊन त्या पदपथावरून पाताळेश्वरापासून बालगंधर्वपर्यंत चालत गेले. मधे दोनदा बसलो. बाक होता म्हणून बसलो. मावशी म्हणाली, "बसायला मिळालं की चालता येतं बघ." पादचारी धोरणाच्या कागदांत हे वाक्य असेल तर ते कुणी इतक्या कमी शब्दांत लिहिलं असेल असं वाटत नाही.

अडचण रस्ता ओलांडायची. रस्ता एकेरी आहे, वाहनं शिवाजीनगरकडून येतात, म्हणजे तत्त्वतः एकाच दिशेला बघायचं. पण पुण्यात एकेरी रस्ता ओलांडताना शहाणा माणूस दोन्हीकडे बघतो, आणि अतिशहाणा मागेही. सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात, ताशी सव्वाचार किलोमीटर. मी एकदा सोसायटीच्या आवारात मावशीबरोबर चालून मोजलं. पन्नास मीटरला तिला पासष्ट सेकंद लागले. म्हणजे बारा मीटर रुंदीचा रस्ता असेल तर हिशेबाने दहा सेकंद, आणि मावशीला सोळा. मधले सहा सेकंद ती रस्त्याच्या मधोमध असते आणि समोरच्या दुचाक्या घुरघुरत असतात. पुण्यातला दुचाकीस्वार हिरव्या दिव्याची वाट बघत नाही, तो लाल दिवा संपायची वाट बघतो. या दोन्हींत फरक आहे.

नव्या संकुलाच्या चित्रांत दर्शनी भाग छान असतो. काच, उजेड, रुंद पायऱ्या. त्या पायऱ्या बघून माझ्या पोटात गोळा येतो. जोतं तीन फूट उंच असेल तर चाकाच्या खुर्चीसाठी उतार 1:12 या प्रमाणात किमान छत्तीस फूट लांब हवा, मधे थांबायला सपाट जागा वेगळी. इतकी लांबी मागाहून सापडत नाही. ती पहिल्याच दिवशी कागदावर राखली नाही तर मग उतार मागच्या दाराला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी जातो आणि आजी-आजोबांना नाटकाला जाताना नेपथ्याचं सामान असल्यासारखं वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की संकुलाचं मुख्य दार दोन्हीकडे हवं. एक जंगली महाराज रस्त्याकडे आणि तितकंच ऐटीचं दुसरं मेट्रोकडे, नदीच्या बाजूला. मधली वाट झाकलेली, उजेडाची, एका सपाटीत, आणि रात्री प्रयोग संपेपर्यंत उघडी. त्या वाटेवर चहाची एखादी टपरी असली तर पोलीस चौकीपेक्षा जास्त उपयोग होईल. नदीपलीकडच्या पेठांना डेक्कन आणि संभाजी उद्यान या स्थानकांशी जोडणारे पादचारी पूल मेट्रोच्या कामातच घेतले गेले आहेत, म्हणजे मावशीची जुनी वाट नव्या रूपात परत येते आहे. भिडे पुलासारखी ती खडकवासल्यातून पाणी सोडलं की बुडायची नाही. (भिडे पूल पाण्याखाली गेला की पुण्यात पावसाळा अधिकृतरीत्या सुरू झाला असं मानतात. त्याच नदीच्या काठावर तळघरात दोन मजले गाड्या ठेवायच्या, याचा विचार करणाऱ्यांना माझ्या शुभेच्छा आहेत.)

*

रात्री उशिरा मेट्रो परवडत नाही असं मला एका जाणत्या माणसाने समजावून सांगितलं. रात्री रुळांची, तारांची देखभाल करावी लागते, कर्मचारी लागतात, रिकामी गाडी पळवायची तर वीज जाते. पटलं. रात्रीचे ते चार-पाच तास तंत्रज्ञांना हवेतच.

पण मग 2025 चा गणपती आठवला. 30 ऑगस्टपासून 5 सप्टेंबरपर्यंत मेट्रो रोज रात्री दोनपर्यंत धावली, आणि विसर्जनाला तर 6 तारखेच्या सकाळपासून 7 तारखेच्या रात्रीपर्यंत सलग 41 तास. आम्ही त्या आठवड्यात देखावे बघायला मंडईला गेलो होतो. मावशीसुद्धा. भुयारातल्या स्थानकातून रात्री सव्वाबाराला वर आलो तर जत्रा. कडेवर पोरं, हातात पिपाण्या, नऊवारीतल्या आज्या, आणि रस्त्याच्या मधून माणसं चालताहेत कारण वाहनं बंद. मावशीच्या वयाच्या इतक्या बायका मध्यरात्री रस्त्यावर मी वर्षभरात कधी बघितल्या नव्हत्या. परत निघालो तेव्हा पावणेदोन होत आले होते, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली, सरकत्या जिन्यावर एक पोलीस मावशीला म्हणाला, "आजी, सावकाश." आनंदनगरला उतरून सात-आठ मिनिटं चालत घरी. वाटेत तिने एकदाही माझा खांदा धरला नाही.

म्हणजे रात्री चालणारं पुणे अस्तित्वात आहे, वर्षातून दहा दिवस. अकरा डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळायची प्रथा 2021 पासून पडली आहे, तो आणखी एक. उरलेल्या दिवसांचं काय, हे मी विचारलं की लोक म्हणतात, रोज कसं जमेल? रोज कोण म्हणतंय? शनिवार-रविवार, रात्रीचा प्रयोग असेल तेव्हा, दोन्ही दिशांना एकेक गाडी, साडेबाराची. वाटल्यास नाटकाच्या तिकिटातच तिचं तिकीट घाला. किंवा प्रयोगच आठला सुरू करा. हे दुसरं मी नाटकातल्या एका ओळखीच्यांना सुचवलं तर ते म्हणाले, आठला माणसं पोचत नाहीत, सिंहगड रस्त्यावर अडकलेली असतात. मी त्याच रस्त्यावर राहते, त्यामुळे वाद घालता आला नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा जाहिरात आली. मावशीच्या तरुणपणीचं एक नाटक, नव्या संचात. शनिवार, रात्री साडेनऊ, बालगंधर्व. दुपारचा प्रयोग नाही. मी वाचावं की वाचू नये असं करत वाचलं. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाली,

"पहिला अंक किती वाजता संपत असेल?"

"पावणेअकराच्या आत. का?"

"आणि तुझी ती शेवटची गाडी?"

"अकराला सुटते तिकडून."

"मग काढ दोन तिकिटं. कडेच्या खुर्च्या घे, उठायला बऱ्या. दुसरा अंक मला पाठ आहे, तो मी तुला गाडीत म्हणून दाखवीन."